‘संदेश’ नावाचा रकाना आणि माझी अमूर्त चित्रं

मालवणात हॉल घेऊन अमूर्त चित्रांचं प्रदर्शन भरवायचं म्हटलं की सगळे आधी विचारतात, बघायला येणार कोण? लोक येतात हो. अडतं ते त्याच्या आधी, अर्जाच्या खिडकीशी.

फ्रेमा, टेम्पो, खिळे यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माझा जीव खाल्ला तो अर्जाला जोडायच्या यादीने. प्रत्येक चित्रापुढे तीन रकाने: नाव, विषय आणि ‘चित्रातून मिळणारा संदेश’.

माझ्या चित्रांत आधी ठरवलेलं काही नसतं. पातळ ॲक्रिलिकचा थर रोलरने ओढायचा (रोलर अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेही वापरत), तो ओला असतानाच जुन्या पंचाच्या तुकड्याने थोडा पुसायचा, आणि खालून काय वर येतंय ते बघून पुढचा रंग घ्यायचा. जुलैत आमच्याकडची हवा इतकी दमट की रंग लवकर सुकत नाही, पुसायला हवा तेवढा वेळ मिळतो. कागदावर काम करत असाल तर मात्र पावसाळ्यात गठ्ठा भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशी धरते. आता अशा चित्राचा संदेश म्हणून काय लिहिणार?

मी रकाना कोरा ठेवला. अर्ज परत. नावाच्या जागी ‘चित्र क्र. १’, ‘चित्र क्र. २’ असं लिहिलं. परत. मग ‘शीर्षक नाही’ लिहिलं, तर खिडकीतले भाऊ म्हणाले, “मॅडम, सगळ्यांचं एकच नाव कसं चालेल?” ‘संदेश नाही’ लिहिलं, तर म्हणे, “मग प्रदर्शन भरवताय कशाला?” प्रश्न तसा वाईट नव्हता. पण साडेबारा वाजलेले, पंखा बंद, पाठीमागे रांग आणि साहेब मीटिंगला कणकवलीला गेलेले. मी म्हटलं, कांडिन्स्की नावाच्या चित्रकाराने १९०९ पासून आतून आपसूक उतरलेल्या चित्रांना ‘इम्प्रोव्हायझेशन’ एवढंच म्हटलं आणि पुढे आकडे टाकले. गायतोंड्यांची तर कितीतरी चित्रं बिननावाची आहेत. “त्यांनी आमच्याकडे अर्ज केला नव्हता,” भाऊ शांतपणे म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या शिपायाने टेबलावरचा चित्राचा फोटो उचलला. “ह्या आमच्या व्हाळातला पाणी.” (व्हाळ म्हणजे ओढा.) भाऊंनी फोटो हिसकावून आडवा धरला. “व्हाळ खंयचो? ह्यो कातळ. सड्यावरचो.” दोघांची जुंपली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं, तर त्यांना त्यात गणपती दिसला. (गणपती कोणाला ना कोणाला दिसतोच, तयारी ठेवा.) रांगेतलेही माना लांब करून बघायला लागले. शेवटी भाऊंनीच पेन्सिलीने पहिल्या ओळीत लिहून दिलं: ‘संदेश: प्रेक्षकांनी ठरवावा’. खालच्या सगळ्या ओळींत ‘वरीलप्रमाणे’. मला हे आधीच का सुचवलं नाही, हा राग अजून गेलेला नाही. त्यावर साहेबांची सही होईपर्यंत शिमगा आला. म्हणून सांगते, दिवाळी संपली की लगेच अर्ज टाका. चतुर्थीत हॉल मागूच नका, तेव्हा चाकरमानी गावात असले तरी आरती-भजनं सोडून कोणी फिरकत नाही.

प्रदर्शनात अभिप्रायाची वही ठेवली होती. तिच्यात ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. वाचून बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी ब्रश हातात घ्यायला त्याचा काही उपयोग होत नाही. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, हे मुंबईचं फॅड. मी त्यांना सांगितलं की आधुनिक चित्रकार प्रभाकर बरवे १९३६ साली आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नागावात जन्मले. ते “असं का” म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

वहीपेक्षा चांगला उपाय म्हणजे कोणी एखाद्या चित्रापाशी रेंगाळलं की हळूच जाऊन विचारायचं, इथेच का थांबलात? ‘कसं वाटलं’ विचारू नका, त्याचं उत्तर ‘छान’च येतं. रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जाणारे एक काका करड्या-हिरव्या चित्रासमोर हात मागे बांधून उभे होते. विचारलं तर म्हणाले, “बाय, रापण वडतत थयसर पावसात असाच दिसता. खाडीचा गोडा पाणी वरसून जाता, खारा खालसून येता.” मग जवळ वाकून खालच्या कडेवर बोट धरलं. “पण खालचा ह्याच्यापेक्षा काळा असता.” तिथे मी गडद हिरव्यावर करडा पातळ फिरवला होता, आणि खाडी माझ्या डोक्यातही नव्हती. सातवी-आठवीतली एक मुलगी दुसऱ्या चित्राकडे बघून म्हणाली, “ताई, हे अजून संपलं नाही ना?” तिने दाखवलेला कोपरा मलाच कित्येक दिवस खटकत होता.

या दोघांच्या बोलण्यावर माझं वर्षभराचं काम निघालं. काकांसाठी खाडी रंगवायला घेतली नाही, ते जमणारही नाही. पण वरचा थर हलका आणि खालचा जड, दोन्ही एकमेकांत न मिसळता सरकताहेत, हे हाताला आता सुचतं. काळा रंग मी टाळायची, तो आता संपतो आणि कुडाळहून मागवावा लागतो. तो कोपरा मात्र तसाच ठेवला. मुलगी पुन्हा आली तर बघू ती काय म्हणते.

हो, अनामत रकमेची मूळ पावती जपून ठेवा, झेरॉक्सवर पैसे परत देत नाहीत. माझे अजून यायचेत.