जुन्या घरांवर कर्ज काढून इमारत घेताना

बेळगावात शहापुरात एक, अनगोळात एक अशी भाड्याने दिलेली दोन घरं तारण ठेवायची आणि टिळकवाडीत सहा फ्लॅटची जुनी इमारत घ्यायची, हा बेत बोलायला सोपा आहे. नमुन्यादाखल हिशेब मांडू.

दोन्ही घरं बाजारभावाने 90 लाखांची, पण बँकेचा व्हॅल्युअर (किंमत ठरवणारा) 80 धरतो. त्याच्या 60 टक्के तारण कर्ज म्हणजे 48 लाख; जुनं गृहकर्ज 10 लाख फेडलं की हातात 38. इमारत 1 कोटी 20 लाखांची, तिच्यावर 78 लाख मिळाले. मुद्रांक शुल्क, त्यावरचे अधिभार आणि नोंदणी मिळून साधारण साडेसात टक्के, सुमारे 9 लाख. म्हणजे आणखी 13 लाख रोख लागणारच.

आता हप्ते, 15 वर्षांचे. 48 लाखांवर 10 टक्क्यांनी 51,600, 78 लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी 81,450. सहा फ्लॅटचं भाडं 54 हजार, जुन्या घरांचं 22. एकही फ्लॅट रिकामा नसला तरी दरमहा 57 हजार खिशातून, त्यातच 10 लाखांचा जुना बोजाही नव्या व्याजदरात सरकलेला. भाडं वर्षाला किमतीच्या साडेपाच टक्के आणि व्याज साडेनऊ, तिथे दुसरं काय होणार? अनगोळचं घर सरळ विकून पैसे घातले तर तूट 16-17 हजारांवर येते (विक्रीवरचा कर वेगळा). मला तोच मार्ग बरा वाटतो.

बँक रोखीने येणारं भाडं मोजत नाही. करार, खात्यातली जमा आणि आयकर रिटर्न तिन्ही जुळावं लागतं. आपल्याकडे बरीच घरं लीजवर असतात: एकदाच मोठी रक्कम, भाडं शून्य. इमारतीतले दोन फ्लॅट असे निघाले तर ती रक्कम पुढे तुम्हालाच परत करायची आहे. किमतीतून वजा करून घ्या आणि खरेदीखतात भाडेकरूवार लिहून घ्या.

कागदांत सगळ्यात जास्त फसवतो तो वरचा मजला. परवानगी दोन मजल्यांची आणि उभे तीन असतील, तर विकणारा सहा फ्लॅटचे पैसे मागतो, व्हॅल्युअर चारच मोजतो. म्हणून मंजूर नकाशा इसाऱ्याआधी मागा. ई-खाता (स्थानिक संस्थेचा मालमत्तेचा डिजिटल उतारा) आणि 30 वर्षांचा ईसी (मालमत्तेवरचे व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) हेही तेव्हाच. बिनशेती न झालेल्या जमिनीवर नोंदणी न करता नुसत्या बाँड पेपरवर विकलेला प्लॉट असेल तर तिथेच थांबा.

व्यवहार 50 लाख किंवा त्याहून मोठा असेल तर घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या पैशातून 1 टक्का टीडीएस (आगाऊ कापलेला आयकर) कापून भरावा लागतो. विकणारे तीन भाऊ असले आणि प्रत्येकाचा वाटा 50 लाखांखाली असला तरी सूट नाही, एकूण किंमत बघतात.