टोचून टोचून तिचे हाल कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, केमिस्टच्या काउंटरवर, कुठेही आमच्या ठमीचा, म्हणजे किडनी बिघडलेल्या आमच्या मांजरीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: "मुकं जनावर ते, वयही झालेलं. घरच्या घरी सलाईन लावून, सुया टोचून तिचे हाल कशाला करता?" विचारणाऱ्यांच्या मनात तिच्याविषयी मायाच असते. म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

हाल कशाने होत होते ते आधी सांगते. ठमी चौदा वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात ती सारखं पाणी प्यायला लागली. वाटी रिकामी करून बाथरूममधल्या बादलीच्या काठावर चढायची. शूचं प्रमाण वाढलं आणि जेवण मात्र उतरलं. बशीपाशी जायची, वास घ्यायची, ओठ चाटायची आणि मागे फिरायची. ते ओठ चाटणं म्हणजे मळमळ, असं डॉक्टर म्हणाले. पाठीवरून हात फिरवला की मणके लागायचे. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच जागेवर जात नव्हती, उभीच राहायची. अंगातलं पाणी आटल्याची ती खूण.

मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले. थोड्या पाण्यात भागवायचं आणि शू घट्ट करून पाणी अंगात राखायचं, ही त्यांच्या किडनीची ताकद. म्हातारपणी किडनी बिघडली की आधी ही ताकदच जाते. पाणी नुसतं वाहून जातं आणि मांजर कितीही प्यायलं तरी ते भरून निघत नाही. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. ते परत येत नाही, सलाईननेही येत नाही. आम्ही ठमीला बरं करत नाही आहोत. जेवढं पाणी ती तोंडाने भरून काढू शकत नाही, तेवढं कातडीखालून देतो. अंगात पाणी असलं की उरलेल्या किडनीला रक्त नीट पोचतं, मळमळ कमी होते, शी कडक होत नाही, आणि ती जेवते. मला तरी ही चैन वाटत नाही आणि अट्टहासही वाटत नाही. तहानलेल्याला पाणी देण्यातलाच हा प्रकार आहे.

सुरुवातीला यासाठी दवाखान्यात न्यायचो. हाल म्हणायचेच असतील तर ते तेव्हाचे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात पिंजरा मांडीवर, मेट्रोच्या कामाचा धडधडाट, ठमी तोंड उघडून धापा टाकतेय, आणि पोचल्यावर शेजारच्या बाकावर भुंकणारा कुत्रा. डॉक्टरांनीच सुचवलं की घरी शिका, आणि स्वतः उभं राहून माझ्या हातून करून घेतलं.

आता संध्याकाळी दिवा लागला की सासूबाई तिला मांडीवर घेतात. आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेट या सलाईनची बाटली मी आधीच कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवलेली असते. पावसाळ्यात तर ते हवंच, गार पाणी अंगात जायला लागलं की ती शहारते. मनगटावर दोन थेंब टाकून बघते, मग बाटली खिडकीच्या ग्रिलला टांगते. सुई दर वेळी नवी. एकदा वापरलेली सुई बोथट होते आणि दुखते ती तीच. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी वर उचलायची, तिचा छोटा तंबू होतो, त्याच्या बुडाशी सुई आडवी सरकवायची. मग नळीवरचं पाणी सोडायचं चाक फिरवायचं. केस ओले झाले तर समजायचं की सुई दुसऱ्या बाजूने बाहेर आली. सासूबाई त्यांचं रोजचं स्तोत्र म्हणत असतात, ते संपेपर्यंत शंभर मिली जातं. ठमी बहुतेक वेळा डोळे मिटून घुरघुरते. खांद्यावर मऊ फुगवटा येतो, कधी तो घरंगळत एका पायाच्या कोपरापर्यंत उतरतो आणि ती थोडी डुलत चालते. पाहुणे घाबरतात, पण काही तासांत तो जिरतो. नळीतला एखादा हवेचा बुडबुडा कातडीखाली गेला तरी इजा होत नाही, ही शिरेतली सलाईन नव्हे.

सुई टोचताना ती एकदा कान मागे घेते, हे खरं आहे. ते मला रोज दिसतं. पण त्यानंतर अर्ध्या तासाने ती ओट्याखाली येऊन जेवणासाठी हाका मारते, तेही दिसतं, आणि ते तुम्हाला लिफ्टमध्ये दिसत नाही. हिशेब मी त्या दोन्हींचा मिळून करते. उद्या बाटली टांगताना बघून ती पलंगाखाली दडायला लागली, किंवा सलाईन देऊनही बशीकडे फिरकेनाशी झाली, तर डॉक्टरांशी बोलून थांबायचं, हे आम्ही घरात बसून ठरवलं आहे. सासूबाईंनीच तो विषय काढला होता.

तुमच्यापैकी काहींच्या घरी म्हातारं मांजर आहे, म्हणून एवढं आणखी सांगते. आमचे शंभर मिली हे ठमीच्या वजनाला आणि तिच्या रिपोर्टला धरून ठरलेले आहेत. ते उचलून तुमच्या मांजराला देऊ नका. हृदय अशक्त असेल तर हेच पाणी छातीत साचू शकतं, तेव्हा आधी हृदय आणि रक्तदाब तपासून घ्या. मांजर झोपलेलं असताना मिनिटभर श्वास मोजायची सवय ठेवा. तो सतत तिसाच्या वर जाऊ लागला तर पुढची सलाईन देऊ नका आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून दवाखान्यात परत द्या, ओल्या कचऱ्यात टाकल्या तर कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागतात. आणि केमिस्टकडून बाटली घेताना लेबल स्वतः वाचा. ग्लुकोजची बाटली दिसायला तशीच असते, पण तिच्यावर डेक्स्ट्रोज लिहिलेलं असतं. ती कातडीखाली चालत नाही, गळू होऊ शकतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं नाव आणि लेबलवरचं नाव जुळलं, तरच पैसे द्या.