उन्हाची बाजू

आमच्या अंगणाच्या दक्षिण कडेला सतरा फुटांची कोरांटीची वई, म्हणजे झुडपांचं कुंपण, आहे. लावली मी. पाणी मी घालतो. तिचे काटे माझ्याच तळपायात मोडतात. आणि फुलं येतात शेजारच्या काकूंकडे.

हे भांडण नाही, आधीच सांगतो. काकूंशी भांडायची माझी प्राज्ञा नाही. त्यांच्या हातचं आळूचं फदफदं मी गेली बारा वर्षं खातोय. पण डिसेंबरातल्या सकाळी चहाचा कप घेऊन अंगणात यावं, समोर हिरवीगच्च, फुलाचा ठिपका नसलेली भिंत असावी आणि तिच्या पलीकडून आवाज यावा, "अरे, काय बहरलीय रे तुझी कोरांटी!" यावर माणसानं म्हणायचं काय?

आम्ही बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो. सिडकोसाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेली, पारसिकच्या डोंगराला टेकलेली वसाहत. सात-सात घरांचे पुंजके, मधे चौक, आणि कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला जोडलेली नाही. हेतू असा की ज्याला जसं जमेल तसं त्यानं आपलं घर वाढवावं. लोकांनी ते फारच मनावर घेतलं. कौलं गेली, स्लॅब आले, गच्च्या आल्या. अंगणं थोड्यांकडेच उरली. आमच्या आणि काकूंच्या अंगणामधे वडिलांनी लावलेली तारेची जाळी होती. ती गंजत गंजत एका पावसाळ्यात आडवी झाली. गवंडी म्हणाला, चार फूट ब्लॉकचं काम, दोन दिवसांत उभं करतो. काकू काही बोलल्या नाहीत. फक्त त्या आठवड्यात आळू आलं नाही.

मग भिंत रद्द, कुंपण झाडांचंच घालायचं ठरलं. त्याच सुमारास ओसाकाला राहणाऱ्या मावसबहिणीनं तिच्या गल्लीतल्या कुंपणाचा फोटो पाठवला. ऐन थंडीत गुलाबी फुलांनी लगडलेलं, पानं तेल लावल्यासारखी. कॅमेलिया सासान्क्वा. आपल्या चहाच्या झुडपाचं हे भावंड, दोघांचं कूळ एकच. एका नर्सरीत मला त्याची कुंडी मिळाली, आणि त्या कुंडीच्या किमतीत घरी काय सांगायचं याचा विचार मी परतीच्या रिक्षात केला. कॅमेलियाला आंबट माती लागते, गारवा लागतो. माती मी आंबट करून दिली; गारवा कुठून आणणार? मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाड गेलं. बेलापुरात मे महिन्यात मीही जवळजवळ जातोच, पण मला फ्रिजचा आधार आहे.

आई शांतपणे सगळं बघत होती. म्हणाली, "बारा महिने हिरवं, थंडीत फुलणारं, गुरं तोंड लावणार नाहीत असं. मग कोरांटीच म्हणतोयस ना?" तिच्या माहेरी रोह्याकडे परसाला अशीच वई होती: निगडी, अडुळसा, कोरांटी. अडुळशाला वासामुळे गुरं तोंड लावत नाहीत, कोरांटीला काट्यांमुळे. बेलापुरात गुरं नाहीत, पण चेंडू शोधायला येणारी पोरं आहेत, म्हणजे गरज तीच.

माझा हिरमोड झाला होता हे खरं. कोरांटी म्हणजे कुणी मुद्दाम न लावलेलं, देवळामागे आपसूक उगवलेलं झाड. दाढ दुखली की पाला चावायचा, म्हणून वज्रदंती. पण चार पुस्तकं उघडली आणि तिची वंशावळ बघून जरा वरमलो. अमरकोशात पिवळ्या कोरांटीला कुरंटक म्हटलंय, तांबडीला कुरबक. आणि मेघदूतात यक्ष आपल्या घराची खूण सांगतो तेव्हा तिथल्या माधवीमंडपाला कुंपण आहे ते कुरबकाचं. कालिदासाचा शब्द 'वृति'. तीच प्राकृतातून घरंगळत आईच्या तोंडी 'वई' झाली. लॅटिन नावाचीही गंमत आहे. कॅमेलिया हे नाव कामेल या जेझुइट मिशनऱ्यावरून, तर कोरांटीचं बार्लेरिया हे बारलिए या डॉमिनिकन संन्याशावरून. दोन्ही नावं वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसनं पक्की केलेली. म्हणजे ओसाका आणि रोहा यांचं बारसं एकाच भटजीनं केलं म्हणायचं.

जूनच्या पहिल्या सरीनंतर फांद्या आणल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, खालची पानं काढलेल्या. दोन ओळींत, फूटभर अंतरावर, एकीच्या फटीसमोर दुसरी येईल अशा खोचल्या. बाकी काही केलं नाही. कोरांटीचे लाड केले की ती नुसती उंच होते आणि मधे पोकळ राहते, हे आईचं म्हणणं. आमच्याही बाबतीत तिचं हेच धोरण होतं. दुसऱ्या पावसाळ्याअखेर वई छातीला लागली. पानाच्या बेचक्यातून तीन-चार काट्यांचा जुडगा निघतो, सुईसारखा. त्यात एकदा वेफर्सचं पाकीट अडकलं ते महिनाभर तिथेच फडफडत होतं, काढायची कुणाची हिंमत झाली नाही.

त्या वर्षी फूल मात्र आलं नाही. दोष माझाच. दिवाळीच्या आधी घरं रंगवतात, तसा मी माळ्याला बोलावला आणि वई कातरून घेतली. त्यानं दोरी लावून अशी सरळ केली की वर ताट ठेवलं तर हललं नसतं. आईनं बघितलं आणि म्हणाली, "फुलं कापलीस." पाऊस सरता सरता कोरांटीच्या शेंड्यांवर कळ्यांची तयारी सुरू होते, गणपतीनंतर कात्री लावली की बहरच कचऱ्याच्या पोत्यात जातो. छाटायचं ते फुलं संपल्यावर, शिमग्याच्या आसपास. दिवाळीत कुंपण झिपरं दिसणार, ते तसंच राहू द्यायचं. सोसायटीत सगळ्यांच्या दारात कंदील आणि आपल्या दारात जंगल, हे पचवायला मला एक वर्ष लागलं.

आणि मग पुढच्या नोव्हेंबरात ती फुलली. पलीकडे.

मी आधी खताला दोष दिला, मग रोपांना. शेवटी एका रविवारी दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसलो तेव्हा प्रकाश पडला; म्हणजे पडत नव्हता, हेच कळलं. मी वई लावली जूनमध्ये. आपल्याकडे मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पुढे थोडा उत्तरेला झुकतो आणि जुलैअखेर परत डोक्यावरून दक्षिणेला निघतो. म्हणजे मी जागा ठरवत होतो तेव्हा ऊन माझ्या, उत्तरेच्या बाजूला होतं. डिसेंबरात तोच सूर्य भर बाराला दक्षिणेकडे 47-48 अंशांवरच असतो. चार फुटांची वई ऐन मध्यान्हीला साडेतीन फुटांहून लांब सावली टाकते, ती सगळी माझ्या अंगणात. आणि कोरांटी उन्हात फुलते. सावलीच्या अंगाला ती नुसती पानं धरते. या पानांवर पॅन्सी फुलपाखरांच्या काळ्या, काटेरी अळ्या येतात. त्या माझ्याकडे खातात, आणि पंख फुटले की काकूंकडे जातात.

फूल आहे मात्र देखणं. हळदीपेक्षा जरा केशरी. चार पाकळ्या एका बाजूला, पाचवी खाली, रुसून वेगळी बसल्यासारखी. दोन पुंकेसर बाहेर डोकावतात. वास नाही. झाडावर खरी शोभा. तोडलं की संध्याकाळपर्यंत मान टाकतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाजारात फुलांचे भाव चढतात, तेव्हा सकाळी सात वाजता वईवरून एक हात येतो, हातात वर्तमानपत्राचा पुडा. "घे रे, तुझ्या आईला पूजेला. तुझ्याच झाडाची आहेत." हा 'तुझ्याच' इतक्या मोठ्या मनानं म्हटलेला असतो की मी आभार मानतो.

फेब्रुवारीत बोंडं वाळतात. चोचीसारखं टोक असलेलं बोंड दुपारच्या उन्हात टिचकन फुटतं आणि त्यातल्या दोन चपट्या बिया लांब उडतात. कुठल्या बाजूला ऊन जास्त, बोंडं जास्त, हे आता सांगायला नको. बीवर बारीक केस असतात. ओल लागली की ते बुळबुळीत होऊन बी मातीला चिकटून बसतं. गेल्या पावसाळ्यात काकूंच्या आळूच्या वाफ्यात कोरांटीची रोपं दाटीनं उगवली. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते आळूच्या बाबतीत मी डोळ्यांनी पाहिलं. काकूंनी ती अलगद उपटली, रिकाम्या दुधाच्या पिशव्यांत भरली आणि वईवरून मला परत केली. "चौदा आहेत. मोजून घे."

चौदा रोपं वर्षभर ओट्याखाली पडून होती. या जूनच्या सुरुवातीला, पाऊस अजून लागला नव्हता तेव्हा, उत्तरेकडचे नाना आले. आमच्या दोघांमधल्या पत्र्यालाही आता भोकं पडली आहेत. म्हणाले, "तुझी कोरांटी काकूंच्या अंगणातून बघितली. झकास. मला रोपं दे. माझ्या हद्दीत लावतो, पाणीही मीच घालीन, तुला काही बघायला नको."

मी चौदाही दिली. कधी कापायची ते सांगितलं, दिवाळीत मोह आवरा म्हटलं, काटे पायात मोडतात त्याचीही कल्पना दिली. नाना पत्र्यापलीकडे फुटपट्टी घेऊन खड्ड्यांच्या खुणा करायला लागले. मग मान वर करून विचारलं, "इथे फुलेल ना रे? ऊन पुरेल?"

दुपारचे साडेबारा वाजले होते. पत्र्याची चार बोटं सावली माझ्या अंगणात पडली होती.

"बघा ना नाना," मी म्हटलं, "ऊन तर सगळं तुमच्याच बाजूला आहे."