सोळा लिफ्टर, दोन सळ्या आणि आजीचे चिमटे

रविवारी सकाळी उठलो तर धाकट्या भावाने इंदूरच्या राजवाड्यावरच्या गेरेचे, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीचे, सात-आठ व्हिडिओ पाठवून ठेवले होते. टँकर, रंग उडवणाऱ्या मिसाइल, गच्च्यांपर्यंत उडालेला गुलाल. इथे मिशिगनमध्ये खिडकीबाहेर ताजा बर्फ. रंगपंचमीला घरात बसलं की दिवस खायला उठतो, हे पाच वर्षांत कळलंय, म्हणून शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. ते आपल्या 2003 सालच्या पिकअपचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा, बदलत होते. गाडीत बिघाड काही नव्हता, त्यांना ताकद वाढवायची होती, एवढंच. रात्री आठला परतलो आणि कपडे न बदलता हे लिहायला बसलोय.

ज्यांनी मारुतीपासून पुढच्याच गाड्या पाहिल्या त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मारुती 800 मध्ये कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या डोक्यात होता, आणि तेव्हापासून आपल्याकडे तो ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडातून, काढायचा प्रश्न हळूहळू मागे पडला. ज्यांनी ॲम्बेसेडर किंवा पेट्रोलची जीप खोललीय त्यांना विचारा. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यावर टॅपेट नावाची छोटी नळकांडी, टॅपेटवर पुशरॉड म्हणजे लांब काड्या, वर व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर. इथल्या मोठ्या व्ही-8 इंजिनांत अजून तीच मांडणी आहे. आजोबांच्या गाडीतलं 5.3 लिटरचं इंजिन 1997 साली सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यातलं. टॅपेटला इथे लिफ्टर म्हणतात. सोळा लिफ्टर, चार-चार करून प्लॅस्टिकच्या चार ट्रेमध्ये बसवलेले.

कॅमशाफ्ट पुढच्या बाजूने ओढून काढायचा असतो, आणि तो निघाला की सोळाही लिफ्टरखालचा आधार जातो. एक जरी घसरला तर कॅमच्या बोगद्यात आडवा पडतो, नाहीतर सरळ खाली तेलाच्या चेंबरमध्ये. वरून काढून ठेवावेत तर ट्रेचे बोल्ट हेडच्या खाली. म्हणजे दोन्ही हेड खोला, गॅस्केट नवे आणा, आणि हेडचे बोल्टसुद्धा नवे, कारण या इंजिनात ते एकदा ताणले की परत वापरायचे नसतात. ॲम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनाला बाजूला झाकणं होती. ती उघडली की टॅपेट बोटांनी उचलून घेता येत. दुरुस्ती करणाऱ्याचा हात कुठे पोचेल याचा विचार त्या इंजिनात जास्त होता, असं मी इथे चार माणसांत बोलून दाखवलंय आणि पुन्हाही बोलेन.

आजोबांनी हेडला हातही लावला नाही.

आधी रेडिएटर काढून जागा केली. पुली, वॉटर पंप आणि टायमिंग कव्हर आदल्या दिवशीच उतरवलं होतं. रॉकर निघाले, पुशरॉड निघाले. एका पुठ्ठ्याला सोळा भोकं पाडून त्यावर पेन्सिलीने आकडे घातले होते. जो पुशरॉड जिथला तो तिथेच परत जाणार. मग चेन उतरवून कॅमचा गिअर पुन्हा नुसता बोल्टवर बसवला आणि मला म्हणाले, "आता बोलायचं नाही. कान दे."

त्यांनी कॅमशाफ्ट हाताने हळूहळू फिरवायला घेतला. कॅमचे उंचवटे एकेका लिफ्टरला वर ढकलतात आणि प्लॅस्टिकचा ट्रे त्याला नुसत्या पकडीवर वरच धरून ठेवतो. पुशरॉड नाहीत, तेव्हा वरून दाब येत नाही. पहिल्या फेऱ्यात टक, टक असा आवाज येत राहिला. तिसऱ्या फेऱ्याला सगळं शांत. टक ऐकू आला तर एखादा लिफ्टर परत कॅमवर उतरतोय असं समजायचं. आजोबांचा एक कान अधू आहे, म्हणून त्यांनी माझा कान मागितला. मी डोकं पार इंजिनात घातलं. चौथा फेरा, पाचवा फेरा, काही नाही. बाहेर बर्फ, आत नुसता त्यांचा श्वास. गेरेचा ढोल डोक्यातून कधी गेला ते कळलंच नाही.

तरी ट्रे वीस वर्षांचे, आणि झिजलेल्या प्लॅस्टिकच्या भरवशावर राहायचं नाही. ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर कॅमच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब भोक असतं. त्यात 5/16 इंचाची, म्हणजे आपल्या साधारण 8 मिलिमीटरची, एकेक पोलादी सळी मागपर्यंत सरकवली. एका सळीवर आठ लिफ्टरांची जबाबदारी. सळ्यांची टोकं त्यांनी कानशीने गोल करून ठेवली होती, कुठे ओरखडा पडू नये म्हणून. मग कॅमच्या तोंडात तीन लांब बोल्ट घालून त्यांची मूठ केली आणि कॅमशाफ्ट फिरवत फिरवत बाहेर घेतला. पाच बेअरिंगांतून तो यायचा असतो आणि एकालाही धार लागून चालत नाही. पंधरा मिनिटं लागली. लिफ्टर एकही हलला नाही.

नवा कॅम आत गेल्यावर त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या दोन जुन्या लाकडी काठ्या दाखवल्या, तेलाने काळ्या झालेल्या. पहिल्यांदा हेच काम त्यांनी या काठ्यांवर केलं होतं. पुढे एका मित्राची काठी आत मोडली, कपचे काढता काढता जीव गेला, तेव्हापासून पोलाद. काठ्या मात्र टाकल्या नाहीत. बक्षीस दाखवावं तशा त्या मला हातात धरून दाखवल्या.

ते बघताना माझ्या पोटात कालवलं.

आमच्या मामाचं वर्कशॉप इंदुरात छोटी ग्वालटोलीजवळ होतं. मी पाचवी-सहावीत असेन. देपालपूरकडच्या एका शेतकऱ्याची पेट्रोल जीप आली होती, विलीस घराण्याचं चार सिलिंडरचं इंजिन. त्यातले टॅपेट खालच्या अंगाने घातलेले असतात, वरून निघत नाहीत. इंजिन खाली उतरवून उलटं केलं तर टॅपेट आपोआप जागेवर राहतात, पण मामाला कॅमशाफ्ट इंजिन गाडीत ठेवूनच काढायचा होता. व्हॉल्व्ह काढून झाल्यावर मामा म्हणाला, "बाळ्या, रामबागेत जा आणि आजीचे दोरीवरचे चिमटे घेऊन ये. लाकडी. आठ आण, प्लॅस्टिकचे नको." मी सायकलवर गेलो. आजी ओरडली, ओल्या चादरी जमिनीवर पडतील म्हणाली. मामाने एकेक टॅपेट वर ओढून त्याच्या मानेला एकेक चिमटा लावला. आठ टॅपेट, आठ चिमटे. कॅमशाफ्ट सुळकन बाहेर.

तेवढ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील आपली गाडी न्यायला आले. बघून मोठ्याने म्हणाले, "चिमट्यांवर इंजिन चालवता का हो?" दुसऱ्या दिवशी वर्गात ते सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून मी मामाच्या वर्कशॉपला जाणं कमी केलं. कोणी विचारलं तर "मामाचा बिझनेस आहे" म्हणायचो. पुढे इंदूरच्या जीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश मिळाला तेव्हा मामाने पेढे वाटले, आणि मी त्याला कॉलेज दाखवायलासुद्धा नेलं नाही.

आजोबांना ही चिमट्यांची गोष्ट सांगितली. ते हसतील असं मी धरून चाललो होतो. त्यांनी हात पुसले, स्टूल ओढलं आणि प्रश्न सुरू केले. चिमट्याची स्प्रिंग कशी होती, गुंडाळलेल्या तारेची का? मानेला धरला की बुडाशी? तेल लागून सरकला नाही? मला आठवलं तेवढं सांगितलं. त्यांनी भिंतीवरची वही काढली, ज्यात त्यांच्या गाड्यांचे सगळे मोजमाप आहेत, आणि तिच्यात आठ टॅपेट व आठ चिमट्यांचं चित्र काढलं. खाली लिहिलं, "इंदूर, भारत". स्पेलिंग मला विचारून.

इथले लोक घरी सगळं करतात आणि आपण करत नाही, असं आपल्याकडे फार बोललं जातं. मीसुद्धा बोललोय. खरं म्हणजे इथे गॅरेजची मजुरी तासाच्या हिशेबाने लागते आणि दोन हेड उतरवायचे म्हटले की माणूस सळ्या शोधतोच. मामाकडे मजुरी स्वस्त होती, तरी त्याने वेळ वाचवायची युक्ती काढलीच ना? जीप दुसऱ्या दिवशी पेरणीला गेली. जी गोष्ट इथे वहीत जाते तिला आमच्याकडे "चिमट्यांवर इंजिन" म्हणून हिणवलं गेलं, आणि हिणवणाऱ्यांच्या बाजूला मी उभा होतो. पुठ्ठ्यावरचे आकडे बघून इथल्या शिस्तीचं कौतुक वाटतं, ते खरंच आहे. पण मामा पुशरॉड मिठाईच्या खोक्यात क्रमाने टोचून ठेवायचा, हे मी त्या कौतुकात विसरून गेलो होतो.

वर्कशॉप सहा वर्षांपूर्वी बंद झालं. मी तिथे असतो तर चाललं असतं का? नव्या गाड्यांना स्कॅनर लागतो, कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरांपुढे एकटं गॅरेज टिकणं अवघड आहे, आणि मामाला मुलगा नाही. हे सगळं मी बायकोला दोनदा समजावून सांगितलंय. तिने कधी विचारलं नव्हतं.

रात्री साडेनऊला मामाला फोन लावला. इंदुरात सकाळ होती, मामा पोहे आणायला निघाला होता. मी ट्रे, सळ्या, टक-टक सगळं सांगितलं. तो मध्ये एकदाही बोलला नाही. मी म्हटलं, "मामा, तुमचे चिमटे आठवले." पलीकडे बराच वेळ रस्त्याचे हॉर्न ऐकू येत राहिले.

मग म्हणाला, "कॅम बसवल्यावर दोन्ही सळ्या बाहेर काढल्यात ना? मोजल्या का?"

"मोजल्या. दोन."

"तू मोजल्यास की त्यांनी?"

"मी, मामा."

"बरं," मामा म्हणाला. "पुशरॉड जिथले तिथेच घाल. आणि सुरू करशील तेव्हा फोन चालू ठेव, आवाज ऐकू दे मला."

शनिवारी सुरू करणार आहोत.