आमची वाटचाल : मास्कच्या आधी हवेची चौकशी

सुरक्षा साहित्याचा पुरवठा करण्यापासून आमच्या व्यवसायाची सुरुवात झाली. आज मात्र आमचा बराचसा वेळ कोणता मास्क कुठे चालणार नाही हे समजावून सांगण्यात जातो, आणि आमच्या कामाचा खरा कस तिथेच लागतो, असे आम्ही मानतो.

मागणी बहुधा ‘चांगल्यातला मास्क द्या’ एवढीच येते. आम्ही आधी रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक मागवतो आणि तो पदार्थ हवेत धूळ, वाफ की वायू होऊन मिसळतो हे विचारतो, कारण धुळीचे बारीक कण अडवणाऱ्या एन-95 मधून सॉल्व्हंटची (रंग, गोंद यांसारखे पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवाची) वाफ बिनदिक्कत आत येते. वाफेसाठी सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज, म्हणजे मास्कला जोडायची शोषक डबी, लागते. अमोनियाचे आणि आम्लवायूंचे कार्ट्रिज पुन्हा निराळे. मिथिलीन क्लोराइड हे सॉल्व्हंट सुमारे 40 अंश सेल्सिअसलाच उकळत असल्याने साध्या कोळशातून लवकर पार होते, तर कार्बन मोनॉक्साइड त्यात अडकतच नाही. बंदिस्त टाकीत प्राणवायू 19.5 टक्क्यांहून कमी असेल, तर कोणतेही फिल्टर कामाचे नाही. तिथे सिलिंडरमधून किंवा नळीने शुद्ध हवाच पुरवावी लागते. अशा कामासाठी कोणी कार्ट्रिजचा मास्क मागितला, तर आम्ही ऑर्डर नाकारतो.

नाक-तोंड झाकणारा हाफ मास्क साधारणपणे घातक पदार्थाचे हवेतील प्रमाण अनुज्ञेय मर्यादेच्या 10 पटींपर्यंत असेपर्यंत आणि फुल फेस मास्क 50 पटींपर्यंत पुरेसा धरतात. पण हे आकडे मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच खरे. म्हणून आम्ही फिट टेस्ट सुरू केली. कामगाराला मास्क घालून वर टोपडे चढवायचे, आत कडू द्रावणाचा फवारा सोडायचा आणि त्याला मान वळवायला, मोठ्याने वाचायला सांगायचे. जिभेला कडवटपणा जाणवला की कडेने हवा शिरते आहे हे त्याचे त्यालाच कळते. दाढीचे खुंटसुद्धा ही फट निर्माण करतात. ज्यांना दाढी ठेवायचीच आहे, त्यांना आम्ही मोटरवर चालणारे सैल हूड सुचवतो; ते महाग पडते, तरीही मालकांनी तिथे हात आखडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘वास आला की कार्ट्रिज बदलू’ ही समजूत मोडायला सर्वाधिक वेळ लागला. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात नाकाची संवेदनाच बधिर करतो, आणि आयसोसायनेटचा (काही रंग व फोममधल्या रसायनाचा) वास येईपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. त्यामुळे पदार्थ, त्याचे हवेतील प्रमाण, कामाचे तास आणि दमटपणा पाहून आम्ही बदलण्याचे वेळापत्रक लिहून देतो आणि प्रत्येक कार्ट्रिजवर ते उघडल्याची तारीख घालायला लावतो.