समुद्रफेसातली अंगठी

काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मागितला की गिऱ्हाईकाचा कान तरी दुखत असणार, नाहीतर घरी पोपट तरी असणार, असा दुकानदाराचा सरळ हिशेब. अंगठी ओतायला हवाय म्हटलं, तर तो चष्म्यावरून बघतो.

समुद्रफेस म्हणजे माकुल या समुद्री जीवाच्या पाठीतलं पांढरं, हलकं कवच. कोकणच्या किनाऱ्यावर वाहून आलेलं फुकटही मिळतं. एका बाजूने टणक, दुसरीकडून इतकं मऊ की नख रुतावं. आणि तरी वितळलेली चांदी सोसतं! युरोपातले सोनार शतकानुशतके त्यात ओतकाम करत आले. आता हाताने जरा वेगळे दागिने घडवणारी मंडळी त्याच्या नादी लागली आहेत.

कवचाचे दोन तुकडे पॉलिश पेपरवर घासून सपाट करायचे. मधे अंगठीचा नमुना दाबायचा, चांदी आत जायला वरून वाट कोरायची, हवा निघायला बारीक चरे पाडायचे आणि सगळं तारेने करकचून बांधायचं. मुशीत चांदी, वर चिमूटभर टाकणखार. शुद्ध चांदी 962 अंशांना वितळते, तांबं घातलेली 92.5 टक्क्यांची त्याच्या आधीच. मग एका दमात ओतायची. हात अडखळला की अर्धीच अंगठी. वर जळक्या केसांचा वास घरभर. साचा आतून करपतो, तो पुन्हा कामाचा नाही.

अंगठीवर मात्र लाटांसारख्या रेषा उमटतात. कवच थराथराने वाढलेलं असतं, त्या थरांचाच हा ठसा.

पत्र्याचाही असाच एक खेळ आहे. ऐंशी-ब्याऐंशी टक्के चांदीचा पत्रा तापवायचा, वर आलेलं काळं तांबं आम्लात काढायचं, पुन्हा तापवायचा. असं करत करत वर जवळजवळ शुद्ध चांदीचा पापुद्रा जमतो. मग ज्योत फिरवली की आतली मिसळ आधी वितळते, पापुद्रा तग धरतो आणि सायीसारखा सुरकुततो. रशियात झारच्या जवाहिऱ्याकडे, फॅबर्जेकडे, अशा सुरकुतलेल्या सिगारेट केस बनत.

आपल्या कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या पैंजणात सफाई म्हणजे जोड दिसता कामा नये. ती कसोटी काही सोपी नाही, म्हणून वेडंवाकडं ते सगळं कलात्मक, हे मला पटत नाही. कानाला बोचणारं कानातलं 'हॅण्डमेड' म्हणून गळ्यात मारणं हा शुद्ध आळस. अंगठी आतून गुळगुळीत घासलेली आणि रेषा फक्त बाहेर राखलेल्या दिसल्या, की समजावं, काय पुसायचं आणि काय ठेवायचं हे कारागिराला कळतंय. मग घडणावळ चांदीच्या भावाला मागे टाकून गेली तरी मी कुरकुरत नाही. फारशी.

घरी आणल्यावर एवढंच सांभाळायचं, की कुणी हौसेने ती टूथपेस्ट लावून घासणार नाही. खाचांत काळं बसतं आणि उंचवटे वापराने उजळत राहतात, म्हणून तर त्या रेषा दिसतात.