लिंडीचं नाव कुणी काढत नाही

दुपारी दोन ते चार आमचं मेडिकल बंद असतं. त्या वेळात झोप काढायची असा बायकोचा हुकूम आहे. मी मात्र काउंटरमागच्या खुर्चीत पाय वर घेऊन कॉमिक्स वाचतो, आणि तिला हे माहीत नाही असं धरून चालतो. गेल्या आठवड्यात मार्व्हल या अमेरिकन कंपनीचं 'डार्क अ‍ॅव्हेंजर्स' पुन्हा काढलं. एकूण 16 अंक. 2009 साली ते निघायला लागले तेव्हा मी डी. फार्म.ला होतो आणि आमच्या हॉस्टेलवर ते एकाच्या हार्ड डिस्कवरून फिरायचे. चोरीचाच माल, नाकारत नाही. कमवायला लागल्यावर पुस्तक विकत घेऊन पाप फेडलं.

आता पुन्हा काढायला निमित्त झालं भाचीचं. मागच्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, 1 मेला 'थंडरबोल्ट्स' हा मार्व्हलचाच सिनेमा लागला तेव्हा महाराष्ट्र दिनाची सुट्टी म्हणून तिला घेऊन गेलो होतो. परवा तिनं तो घरी टीव्हीवर पुन्हा लावला आणि मध्येच म्हणाली, "मामा, हा बॉब किती गोड आहे ना!"

गोड? मी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या डोक्यातला बॉब म्हणजे युद्धदेवाला दोन्ही हातांनी धरून मधोमध फाडणारा बॉब. हॉस्टेलच्या त्या मिणमिणत्या मॉनिटरवर ते पान उघडलं तेव्हा आम्ही चौघं खोलीत होतो, आणि चौघांपैकी एकही जण बोलला नव्हता. कोंबडीचा पोशाख घालून रस्त्यावर पाटी फिरवणारा हा पोरगा आणि तो, दोघं एकच, हे मला पचायला जरा वेळ लागला.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पायडरमॅनचा तो हिरवा राक्षस, ग्रीन गॉब्लिन, त्याचं खरं नाव नॉर्मन ऑस्बोर्न. परग्रहावरच्या स्क्रल लोकांनी पृथ्वीवर हल्ला केला तेव्हा शेवटची गोळी यानं घातली, त्यांच्या राणीला. कॅमेऱ्यासमोर. झालं. लोकांनी जुनं सगळं पोटात घातलं आणि देशाच्या सुरक्षेच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. आधीची 'शिल्ड' ही संस्था मोडीत काढून त्यानं 'हॅमर' काढली. या नावाचं पूर्ण रूप काय, हे शेवटपर्यंत कळत नाही. ऑस्बोर्नलाही त्याची गरज वाटली नसावी.

मग त्यानं स्वतःचे अ‍ॅव्हेंजर्स उभे केले, म्हणजे जग वाचवणाऱ्या हिरोंच्या नामांकित टीमची नक्कल, आणि इथेच माझ्यातला फार्मासिस्ट जागा होतो. कारण ही सगळी टीम म्हणजे बनावट औषधाचा साठा आहे. डबी नामांकित कंपनीची, आत भलतंच. हॉकआयच्या लेबलखाली बुल्सआय, म्हणजे हौसेनं माणसं मारणारा भाडोत्री मारेकरी. स्पायडरमॅनच्या लेबलखाली माणसं खाणारा व्हेनम. वुल्व्हरिनच्या पोशाखात त्याचा बिघडलेला मुलगा डाकेन. मिस मार्व्हल म्हणून मूनस्टोन, खरं नाव कार्ला सोफेन, आणि ही बाई पेशानं मानसोपचारवाली आहे हे लक्षात ठेवा. खुद्द ऑस्बोर्ननं आयर्नमॅनच्या चिलखतावर अमेरिकेच्या झेंड्याचे रंग मारले आणि स्वतःला 'आयर्न पेट्रियट' म्हणवून घेतलं. नो-व्हार नावाच्या एका परग्रहावरच्या पोराला तर आपण कुठल्या टोळीत आलोय हेच ठाऊक नव्हतं. कळल्यावर तो सरळ निघून गेला. त्या पुस्तकातला शहाणा माणूस तोच.

लेबल आणि माल जुळणारे दोनच, एरीस आणि सेंट्री. एरीस खरोखरच ग्रीकांचा युद्धदेव. आणि सेंट्री म्हणजे आमचा बॉब रेनॉल्ड्स.

बॉबची जन्मकथा मोठी गमतीदार आहे. हे पात्र 2000 साली पॉल जेन्किन्स आणि जे ली यांनी आणलं, पण आणताना थाप मारली. हा नवा हिरो नाही, आर्टी रोझेन नावाच्या जुन्या चित्रकारानं स्टॅन लीबरोबर फार पूर्वी काढलेला आणि सगळे विसरून गेलेला हिरो आहे, अशी बातमी 'विझर्ड' मासिकातून पसरवली. खुद्द स्टॅन ली त्या थापेत सामील होते. आर्टी रोझेन नावाचा चित्रकार नव्हताच. आर्टी सिमेक आणि सॅम रोझेन हे दोघं कॉमिक्समधले संवाद हातानं लिहिणारे जुने अक्षरकार, त्यांची नावं जोडून हा माणूस तयार केलेला. लोक फसले. आणि गोष्टही अगदी तशीच: एक जाडसर, दारूच्या बाटलीजवळ बसलेला मध्यमवयीन माणूस एका रात्री उठतो आणि त्याला आठवतं की आपण जगातले सगळ्यात ताकदवान हिरो होतो. बाकी कुणालाच आठवत नाही. का, तर त्याचा महाभयंकर शत्रू 'व्हॉइड' हा त्याच्याच आतला निघाला. त्यानं जेवढं चांगलं करावं तेवढंच वाईट व्हॉइडनं करायचं, जमाखर्च शून्य. म्हणून जगाच्या, आणि स्वतःच्याही, डोक्यातून सेंट्री पुसून टाकायचा असं ठरलं होतं.

त्याची ताकद किती, तर दहा लाख सूर्य एकदम फुटावेत इतकी. आणि हा माणूस घराबाहेर पडायला घाबरतो. 2007 मध्ये हल्क चिडून न्यूयॉर्कवर चालून आला तेव्हा सगळे याची वाट बघतायत आणि हा घरात टीव्हीसमोर, उंबरा ओलांडावा की नाही या विचारात. मला तेव्हापासून तो आवडतो. विमान उचलणारे पुष्कळ बघितले. उंबरा उचलता न येणारा हा एकच.

भाची म्हणाली, मग हा भस्मासुरच की. मी म्हटलं, नाही. भस्मासुरानं वर मागितला होता. याला उपमा द्यायचीच तर कुंभकर्णाची. लंकेच्या त्या दरबारात सगळ्यात दांडगा तो, आणि तो झोपलेला असण्यातच सगळ्यांचं भलं. युद्ध हरायला लागल्यावर ढोल-नगारे बडवून त्याला उठवलं. उठल्यावर तो बिचारा रावणाला सांगतो की तुझं चुकलंय, आणि तरी लढायला जातो. बॉबही असाच उठवलेला आहे. फक्त ऑस्बोर्ननं ढोल बडवले नाहीत, तो गोड बोलला.

ते गोड बोलणं पुस्तकात सुरुवातीलाच आहे आणि मला वाटतं सगळ्या 16 अंकांत तेवढं भीतिदायक दुसरं काही नाही. ऑस्बोर्न बॉबला जवळ बसवतो. मीही त्यातून गेलोय म्हणतो. माझ्याही आत एक होता, हिरवा, मी त्याला गाडला. तुझ्या आत व्हॉइड वगैरे काही नाही. व्हॉइड नाहीच. असं तो त्याला पुन्हा पुन्हा पटवतो. आणि बॉबला ते ऐकून बरं वाटतं. का नाही वाटणार? आजार नाहीच म्हणणारा माणूस कुणाला आवडत नाही? आमच्या काउंटरवर उभं राहून "तुला काय धाड भरलीय, गोळ्या बंद कर" असं सांगणारे मित्र मी वर्षातून चार तरी बघतो. ते प्रेमानंच बोलतात. ऑस्बोर्नला मात्र त्या ताकदीचा उपयोग होता.

लिथियम नावाचं एक औषध आहे, मनाचे चढउतार ताब्यात ठेवायला देतात. जुनं आहे, स्वस्त आहे आणि लागू पडलं तर फार गुणाचं. अडचण एवढीच की गुण येतो ती पातळी आणि विषबाधा होते ती पातळी यात अंतर फार थोडं. म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासून त्यातलं प्रमाण बघावं लागतं. तपासणीशिवाय ते चालू ठेवणं म्हणजे डोळे बांधून गाडी हाकणं. ऑस्बोर्ननं बॉबला नेमकं तसं वापरलं. मॉर्गन ल फे ही जादूगारीण त्रास देते ना, मग सोड बॉबला. तो तिचं मुंडकं उपटतो. पुढे त्याच लढाईत त्याच्या स्वतःच्या अंगाचा कण न् कण उडून जातो, आणि नंतर हा गडी टीमच्या टॉवरवर हजर. म्हणजे आता हा मरतसुद्धा नाही! इथं कुठल्याही शहाण्या माणसानं हात झटकले असते. ऑस्बोर्न डोस वाढवतो. पुढे कोलोरॅडोतल्या डायनोसॉर नावाच्या गावात (गाव खरं आहे, नकाशात बघा) अणुरेणूंशी खेळणारा मॉलिक्यूल मॅन भेटतो, तिथंही हेच, पहिल्यापेक्षा मोठं.

आणि टीममध्ये एक मानसोपचारवाली असताना तिनं बॉबला समोर बसवून नीट ऐकून घेतलंय असं पान मला सापडलं नाही. तिला इतर उद्योग होते.

रक्ततपासणीचं काम एकच व्यक्ती करत होती. बॉबची बायको, लिंडी. ना शक्ती, ना पोशाख. तिचं काम एकच: घरात बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघणं आणि आज कोण घरी आलंय ते ओळखणं. नवरा की तो दुसरा. ती त्याच्यावर प्रेम करते की त्याला घाबरते याचं उत्तर पुस्तक देत नाही, आणि ते बरंच आहे. मला वाटतं दोन्ही. ती ऑस्बोर्नला अडचणीची वाटते, कारण ती खरं बोलते. व्हॉइड आहे, मी रोज बघते, म्हणते. तेव्हा ऑस्बोर्न बुल्सआयला सांगतो. बुल्सआय तिला हेलिकॉप्टरमधून नेतो, वर गळा आवळतो, समुद्रात टाकून देतो आणि परत येऊन बॉबला सांगतो की तिनं स्वतःच उडी मारली.

एवढंच. पुढच्या पानावर गोष्ट चालू.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही पान उलटून पुढं गेलो होतो. आम्हाला घाई होती ती पुढच्या महायुद्धाची, 'सीज'ची. 2010 साली आलेल्या त्या चार अंकांत सगळं कोसळतं. शिकागोच्या सोल्जर फील्ड स्टेडियमवर हजारो माणसं मरतात, त्याचं निमित्त करून ऑस्बोर्न अ‍ॅस्गार्डवर चढाई करतो. अ‍ॅस्गार्ड म्हणजे वीज पाडणाऱ्या थॉर देवाची नगरी, ती तेव्हा ओक्लाहोमात ब्रॉक्स्टन गावाजवळ हवेत तरंगत होती. आपल्याला फसवलंय हे एरीसला कळतं, तो उलटतो, आणि मग ते पान येतं. पुढे बॉब अ‍ॅस्गार्डच खाली आणतो. मुखवटा उतरतो तर ऑस्बोर्नचं तोंड हिरव्या रंगानं रंगवलेलं. तोही बरा झाला नव्हताच. शेवटी बॉब क्षणभर शुद्धीवर येऊन मला मारा म्हणतो, व्हॉइड पुन्हा डोकं वर काढतो आणि थॉर वीज पाडतो. मग प्रेत आपल्याच अंगरख्यात गुंडाळून सूर्यात नेऊन टाकतो. यावर इंटरनेटवर किती वाद झालेत विचारू नका: सेंट्री आणि थॉर यांच्यात खरा भारी कोण, बॉबनं मुद्दाम हार खाल्ली का. पोरं अजून भांडतात. लिंडीचं नाव कुणी काढत नाही.

आमच्याकडे महिन्यातून एकदा एक ताई येतात. कागदाची घडी इतकी झिजलीय की उघडताना दोघंही जपतो. मिस्टरांच्या गोळ्या. त्यांचा दर वेळी एकच प्रश्न: "भाऊ, गोळीचा रंग तोच आहे ना?" एकदा आमच्याकडे तो ब्रँड नव्हता म्हणून मी त्याच औषधाचा दुसरा दिला होता, पांढऱ्याऐवजी गुलाबी. त्यांनी काही न बोलता नेला. चौथ्या दिवशी परत आल्या, पट्टी जशीच्या तशी. गुलाबी बघून त्यांनी घेतल्याच नाहीत म्हणाल्या, तुम्ही काहीतरी मिसळताय असं म्हणतात. आणि हसल्या. तेव्हापासून त्यांच्यासाठी दोन पट्ट्या मी मागच्या कप्प्यात बाजूला ठेवतो. मिस्टर एकदाच बघितलेत, स्कूटरवर मागे बसलेले, साधा माणूस, मान खाली. कुणाचं काही वाकडं करेल असं त्या माणसात काही नाही. म्हणून मनाचा आजार म्हणजे आत एक राक्षस, हे या कॉमिक्सनी जे चालवलंय त्याचा मला आता राग येतो. विशीत येत नव्हता.

सिनेमानं एक केलं, राक्षसाला मारलं नाही. व्हॅलेंटिना नावाची तिथली ऑस्बोर्न बॉबवर प्रयोग करते, तो हाताबाहेर जातो, न्यूयॉर्कची माणसं सावल्या होऊन रस्त्यावर उरतात. आणि मग 'थंडरबोल्ट्स' ही रद्दीतली टीम त्या अंधारात आत शिरते. बॉब आपल्याच दुसऱ्या रूपाला मारत सुटतो तेव्हा त्याला मिठी मारून धरून ठेवते. मला थिएटरात गहिवरून आलं, हे भाचीनं घरी सांगितलंच. पण ती मिठी मारायला माणसं किती लागली बघा! एवढी सगळी, तीसुद्धा मारामारीत तयार झालेली. पुस्तकात हे काम वर्षानुवर्षं एकटी बाई करत होती. सिनेमात ती नाहीच. मी भाचीला हे म्हटलं तर ती म्हणाली, "कोण लिंडी?"

म्हणून पुस्तक तिला देऊन टाकलं. बारावीचं वर्ष आहे, तिची आई, म्हणजे माझी ताई, मला ओरडेल, ओरडू दे.

काल रात्री मेसेज आला. "मामा, लिंडी आली. मला वाटतं हीच सगळ्यात डेरिंगबाज आहे. हिचं पुढे काय होतं ते सांगू नकोस हां."

मी नुसता अंगठा पाठवला.